बाळंतिणीचे लाडू आणि दुबईचे विमान

लेक किंवा सून दुबईत बाळंत होणार असली, की इकडे महिनाभर आधीपासून डबे भरू लागतात. डिंक, खारीक, अळीव, सुंठ, गोडंबी आणि सवयीने वाटीभर भाजलेली खसखस. प्रवासापूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक आईला मी विचारतो, ‘‘लाडवांत खसखस घातलीत का?’’ डॉक्टरांना ही कसली चौकशी, असे भाव चेहऱ्यावर उमटतात. चौकशी मात्र थट्टेची नसते.

खसखस हे अफूच्या बोंडातले बी. बियांच्या गरात नशा नाही. परंतु बोंडाचा चीक त्यांच्या सालीला लागतो आणि मॉर्फीनचा अत्यल्प अंश मागे राहतो. आपल्याकडील १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने या बियांना वगळले आहे, म्हणून वाण्याकडे त्या राजरोस मिळतात. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरातही त्यांना बंदी आहे. दुबईच्या विमानतळावर त्या सापडल्या, तर प्रश्न जकातीचा न राहता अमली पदार्थांचा होतो आणि कोठडीपर्यंत जाऊ शकतो. वय, अज्ञान, बाळंतीण लेक या सबबींचा तेथे भरवसा धरू नये.

घरच्या लाडवांत काय घातले हे आपल्याला निदान ठाऊक असते. खरा धोका पाकिटांचा. गोडा मसाला, कोरम्याचा मसाला, तयार अनारसे यांत खसखस असू शकते. पाकिटावरील घटकांची यादी, अक्षरे कितीही बारीक असली तरी, चष्मा लावून वाचा. ‘पॉपी सीड्स’ हे शब्द दिसले तर पाकीट घरीच ठेवा.

‘‘आम्ही सगळे जाहीर करू,’’ असे काही जण म्हणतात. ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडला जाताना ते अगदी योग्य. तेथे भीती कीड आणि रोगजंतूंची असते. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो, लपवलेल्यासाठी न्यूझीलंडमध्ये ४०० डॉलरचा दंड बसतो. मुळातच बंदी असलेल्या वस्तूला हा न्याय लावू नका.

खसखस नसल्याने बाळंतिणीचे काही अडत नाही. तिच्यातील कॅल्शियमसाठी भाजलेले तीळ तितकेच उत्तम, आणि डिंक-अळीव दुबईच्या भारतीय दुकानांतही मिळतात. लाडू तिथेच वळले तर ताजेही राहतील.

जाता जाता औषधांविषयी. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडोलची वेदनाशामक गोळी यांवर अमिरातीत नियंत्रण आहे; त्यांसाठी तेथील सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे या, म्हणजे पर्यायी औषध सुरू करून ते मानवते की नाही हे पाहायला वेळ मिळेल.