देहभाराचा हिशेब

सुटलेले पोट हे खात्यापित्या घराचे लक्षण मानण्याचे दिवस संपले आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. त्याबरोबरच जठर लहान करणाऱ्या शस्त्रक्रियांच्या जाहिरातीही वाढल्या. त्यांवर एक पक्ष म्हणतो, हे आळशांचे चोचले आहेत. तोंडावर ताबा ठेवा आणि चालू लागा. दुसरा पक्ष शस्त्रक्रियेला जादूची कांडी समजतो. दोघांचाही हिशेब कच्चा आहे.

पहिल्या पक्षाने शरीराचा स्वभाव विचारात घेतलेला नाही. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की आहार घटवून वजन उतरवलेल्या माणसांत वर्ष उलटल्यावरही भूक वाढवणारी संप्रेरके चढीच राहतात. गमावलेले वजन परत मिळवण्यासाठी देह जणू दावा लावून बसतो. तेव्हा उतरलेले वजन पुन्हा चढले, की त्या माणसाच्या मनोनिग्रहाला दोष देणे अन्यायाचे होय.

अतिस्थूल रुग्णांपुरते शस्त्रक्रियेचे पारडे जड आहे, हे मान्य केले पाहिजे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात, जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतरही सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे जवळजवळ होते तेवढेच राहिले. सरासरी अकरा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकी १०१, तर न झालेल्या २,०३७ जणांपैकी १२९ दगावले.

परंतु या लाभाची किंमत केवळ इस्पितळाच्या बिलात मावत नाही. एका प्रचलित शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कायमचा काढून टाकला जातो. पुढे आयुष्यभर जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि वेळोवेळी रक्ततपासणी आलीच. शिवाय मिताहार व व्यायाम सुटत नाहीत. ते सोडले तर वजन परतू लागते. पथ्य चुकवण्यासाठी जो शस्त्रक्रिया करून घेतो, तो मुद्दल भरून व्याजाचे कर्ज डोक्यावर घेतो.

मग ती कोणासाठी? वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले असता येणारा अंक ४० वा अधिक असेल, अथवा ३५ च्या पुढे असून अनियंत्रित मधुमेह वा हृदयविकारासारखी गंभीर व्याधी असेल आणि सौम्य उपाय फसले असतील, तर विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या सूत्रांप्रमाणे हा खर्च सरसकट नाकारता येत नाही. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाच्या बाबतीत ४० म्हणजे सुमारे १०२ किलो. आपल्यापैकी बहुतेक या रेषेच्या बरेच अलीकडे आहेत.

त्यांच्यासाठी जुनाच मार्ग खरा. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढ्या उद्दिष्टावर, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांतील त्या रोगाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, असे अमेरिकेतील २००२ च्या प्रयोगात दिसले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या प्रयोगात ही घट २८.५ टक्के होती. आणि तीही वजन फारसे न उतरता. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मात्र चालणे फुकट असते, ही समजूत अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. रोज तीन तास लोकलमध्ये उभ्या राहणाऱ्या लिपिकाच्या वेळेला किंमत आहे. ज्या गावात पदपथ दुकानांनी व मैदाने मंडपांनी व्यापली आहेत, तेथे व्यायाम ही चैन ठरते. अशा वेळी केवळ शस्त्रक्रियेच्या विम्याची व्यवस्था करून थांबणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ मिळावा, खऱ्या गरजू रुग्णाला तेथेच शस्त्रक्रियाही मिळावी, आणि नगरपालिकेने चालण्यापुरता रस्ता मोकळा ठेवावा. या तिन्ही मागण्या एकाच अर्जात करण्याजोग्या आहेत.