नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत फरक केवळ वचनाचा. पण पहिले बारशाच्या दिवशी एकदाच होते आणि दुसरे जन्मभर चालू राहते. संगणकाच्या प्रोग्रामिंग भाषांना हे विशेष लागू पडते. अशा प्रत्येक भाषेबरोबर नेहमी लागणाऱ्या कामांसाठी तयार फंक्शनांचा एक संग्रह मिळतो. त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. यादी क्रमाने लावणे, मजकुराची लांबी मोजणे, एका शब्दाच्या जागी दुसरा घालणे अशी ही साधी कामे. त्यांची नावे भाषेचे मोजके कर्ते ठरवतात आणि जगभरचे लोक ती वर्षानुवर्षे लिहीत राहतात. ही नावे कोणत्या नियमाने ठेवावीत, हा प्रश्न तंत्रज्ञांचा समजला जातो. आमच्या मते तो मुळात व्याकरणाचा आहे आणि भाषेच्या अभ्यासकांनी त्यावर मत देणे मुळीच गैर नाही.

आपल्या परंपरेला तो अपरिचितही नाही. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त दोन तऱ्हेच्या संज्ञा आढळतात. ‘टि’, ‘घु’, ‘भ’ या एकाक्षरी संज्ञांना व्याख्येबाहेर अर्थ नाही. त्या केवळ लाघवासाठी आहेत. उलट ‘सर्वनाम’ किंवा ‘अव्यय’ ही संज्ञा लांब आहे, परंतु ती अन्वर्थक आहे. नाव ऐकताच वस्तूचा काही बोध होतो. लाघव की अन्वर्थकता, हा तिढा तेव्हापासूनचा आहे.

‘सी’ या भाषेने लाघवाची बाजू घेतली. मजकुराची लांबी सांगणाऱ्या तिच्या फंक्शनाचे नाव ‘स्ट्रलेन’, म्हणजे दोन इंग्रजी शब्दांचे आखडलेले रूप. त्याला कारण होते. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकातही अशा बाह्य नावांची पहिली सहाच अक्षरे वेगळी ओळखली जाण्याची हमी होती. जागाच तेवढी, तर अंग चोरूनच बसावे लागणार. पण १९९५ मध्ये आलेल्या पीएचपीने यातली कित्येक नावे जशीच्या तशी उचलली आणि त्यांच्या शेजारी वेगळ्या घडणीची नावे बसवली. ‘स्ट्रलेन’ जोडून लिहायचे, तर शब्दबदल करणाऱ्या ‘स्ट्र_रिप्लेस’मध्ये अधोरेषा हवी. एका फंक्शनात आधी मजकूर सांगायचा आणि मग त्यात काय शोधायचे ते; दुसऱ्यात नेमके उलट. २०२० च्या आठव्या आवृत्तीत मजकुरात शोध घेणारी तीन नवी फंक्शने एकसारख्या नावांची आणि एकसारख्या क्रमाची आली. तथापि जुनी नावे होती तिथेच आहेत.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की सर्वत्र अधोरेषा द्या किंवा कुठेच देऊ नका, म्हणजे झाले. आम्हांला तसे वाटत नाही. लेखनातील एकरूपता आवश्यक आहे, पण ती शुद्धलेखनाच्या पातळीवरची आहे. खरा कस लागतो तो रूपविचारात.

पायथन या भाषेत यादीला ‘सॉर्ट’ म्हटले की तीच यादी क्रमाने लागते. ‘सॉर्टेड’ हे फंक्शन मूळ यादीला हात न लावता क्रमाने लावलेली नवी यादी देते. पहिले रूप आज्ञार्थी, दुसरे धातुसाधित विशेषण. ‘लाव’ आणि ‘लावलेली’ यांतला हा भेद मराठी पोरालाही कळतो. मात्र मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी शाळेत शिकलेला असतो तो हा, की इंग्रजी क्रियापदाला ‘एड’ लागले की भूतकाळ. त्याच्या लेखी ‘सॉर्टेड’ म्हणजे ‘क्रम लावला’, अर्थात यादी बदलली! नाव ठेवणाऱ्याने ज्या प्रत्ययावर भिस्त ठेवली, तोच प्रत्यय त्याला उलट दिशेला नेतो. बरे, नियम म्हणून पाठ करावा तर तोही टिकत नाही. त्याच पायथनमध्ये मजकुरावर चालणारे ‘रिप्लेस’ आज्ञार्थी असूनही मूळ मजकूर बदलत नाही. बदललेली नवी प्रत देते. आज्ञा तर केली, पण कुठे काही हलले नाही, आणि चूक झाल्याची सूचनाही नाही. नवशिका अशा वेळी दोष स्वतःकडे घेतो. तो दोष त्याचा नसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की नामकरणाच्या नियमाची परीक्षा ज्याची ती मातृभाषा आहे त्याच्यावर घेऊ नये. त्याला अपवादही कानाने उमगतात. ज्याला ती भाषा परकी आहे त्याला नियम हाच एक आधार असतो. नियमितपणा हा नामकर्त्याचा छंद नव्हे. परक्याला दिलेला तो शब्द आहे.

स्विफ्ट या भाषेने ही जबाबदारी ओळखली. २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिच्यातही नवी यादी देणाऱ्याला ‘सॉर्ट’ आणि जागच्या जागी बदल करणाऱ्याला ‘सॉर्टइनप्लेस’ अशी नावे होती. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत नियम लेखी ठरला: बदल घडवणारे नाव आज्ञार्थी, न घडवणारे नामासारखे किंवा विशेषणासारखे वाचता यावे. त्यानुसार ‘सॉर्ट’चा अर्थ चक्क उलटवण्यात आला. वापरणाऱ्यांना आपले लिखाण पुन्हा तपासावे लागले. हा त्रास खरा होता, आणि तरीही तो निर्णय आम्हांला योग्य वाटतो, कारण ती भाषा तेव्हा अवघी दोन वर्षांची होती.

वय वाढले की ही मुभा राहत नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ साली यादीतल्या याद्या उलगडून एकसंध करणाऱ्या नव्या सुविधेला ‘फ्लॅटन’ हे सरळ क्रियापद द्यायचे घाटत होते. परंतु मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीने ते नाव आपल्या परीने आधीच वापरले होते आणि तिच्यावर उभी असलेली संकेतस्थळे मोडण्याचा धोका होता. अखेर २०१९ च्या प्रमाणकात नाव आले ते ‘फ्लॅट’. क्रियापदाने विशेषणासाठी जागा सोडली. व्याकरणदृष्ट्या ही माघार आहे. पण प्रचारात आलेले रूप वैयाकरणाच्या मालकीचे राहत नाही, ते वापरणाऱ्यांचे होते, हे भाषेच्या अभ्यासकांना कोणी नव्याने सांगायला नको.

नावे सुधारायची तर ती भाषा तान्ही असतानाच सुधारावीत. नंतर फार तर नव्या नावांपुरता शहाणपणा शिल्लक राहतो. बारशाला जमलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की हे नाव घेऊन हाक मारणारे बहुतेक जण त्या घरात जन्मलेले नसतील.