आमच्या घरातला फ्रेडरिक्स



काही आठवड्यांपूर्वी याच पानावर एका भगिनीने लिहिलं होतं की, नाताळला मुलं-नातवंडं घरी येतात खरी, पण जो तो आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. पत्र वाचून मीही मान हलवली. मग वाटलं, त्यांनी आपल्यापाशी बसावं असं आपण तरी काय पुढे ठेवतो? जुन्या तक्रारी आणि गोळ्यांची वेळ! म्हणून गेल्या सुट्टीत मी एक प्रयोग केला. तो कसा फसला, नंतर कसा जमला आणि त्यातून माझीच शिकवणी कशी झाली, ते लिहिते.

कबूल करते, मी ‘सीआयडी’ची भक्त आहे. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. भाग झाले १५४७. तेव्हा मी आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत शिकवत होते. रात्री जेवणं उरकली, रोझरी झाली की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर आणि समोर टीव्ही. आमचे हे कुरकुरायचे, “टीचरबाई, त्या मुलांना मार्क देताय की खुन्याला?” ते गेल्यावर शेजारच्या काकू सोबतीला यायला लागल्या. त्यांचं आमचं जेवण वेगळं, देव वेगळे, घरात बोलायची भाषाही वेगळी. पण खुनी कोण यावरून भांडण मात्र एकाच भाषेत!

मालिकेचे कर्ते बी. पी. सिंह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यांची आणि शिवाजी साटम यांची जोडी मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेपासूनची. साटम झाले एसीपी प्रद्युम्न, आदित्य श्रीवास्तव अभिजीत आणि दयानंद शेट्टी दया. दया दरवाजे तोडतो हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि या पथकात पहिल्यापासून म्हणावा असा एक माणूस होता, इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स. सगळ्यांचा फ्रेडी.

हा फ्रेडी माझ्या या भक्तीचं अर्धं कारण होता, हे आज मोकळेपणाने सांगते. हिंदी पडद्यावर आपला माणूस बहुधा दारूबाज, नाहीतर स्मगलरचा हस्तक. ‘अमर अकबर अँथनी’मधला अँथनी मनाने सोन्याचा, पण धंदा दारूच्या गुत्त्याचा. आणि इथे एक फ्रेडरिक्स नावाचा माणूस रोज सकाळी दाढी करून कामाला येतो, सरकारी पगार घेतो, इतरांसारखंच साधं हिंदी बोलतो आणि बायकोला वचकून असतो! मला फार बरं वाटायचं. काकूही विचारायच्या, “काय वो, तुमचा फ्रेडी आज काय करतोय?” ‘तुमचा’ म्हणायच्या, पण त्यात माया असायची.

तर प्रयोग. बेंगळुरूहून मुलगा, सून आणि नववीतला नातू आले होते. म्हटलं, यांना माझी मालिका दाखवायची. जन्मभर मास्तरकी केलेली. सुरुवात केली पहिल्या धड्यापासून. १९९८ चे भाग लावले. वर तोंडाने समालोचन चालूच. “हा बघ, ‘लगान’वाला आशुतोष गोवारीकर, आधी यात इन्स्पेक्टर होता.” “आता नीट लक्ष दे हं.” पंधरा मिनिटांत सून स्वयंपाकघरात गेली, मुलगा खुर्चीतच झोपला आणि नातू मोबाईलमध्ये. मला राग आला. बोलले नाही, पण भांडी जरा जोरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सूनच म्हणाली, “मम्मी, तुम्ही दाखवताय की परीक्षा घेताय?”

वर्मी लागलं. मग लक्षात आलं, या मालिकेत प्रत्येक खटला बहुतेक त्याच भागात मिटतो. मधूनच कुठूनही पाहिलं तरी अडत नाही. वीस वर्षांचा माझा प्रवास त्यांनी एका आठवड्यात करावा, हा हट्ट माझा होता. रिमोट नातवाच्या हातात दिला आणि एकच नियम ठेवला. मध्यंतराला प्रत्येकाने खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून वाटीखाली ठेवायचं. ज्याचं चुकेल त्याने भांडी घासायची. शेजारच्या काकूंनाही बोलावलं.

काय सांगू! मुलगा, जो दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाही, तो वकिलासारखा वाद घालायला लागला. सून बेंगळुरूला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉ. साळुंखे नळीत थेंब टाकतात, रंग बदलतो आणि लगेच खुनी सापडतो, हे पाहून ती हसून लोटपोट. डीएनए तपासणीला खरं तर किती टप्पे लागतात, नमुना कसा जपावा लागतो, अहवाल यायला किती थांबावं लागतं, हे तिने आम्हाला समजावून सांगितलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण ती दिवसभर नेमकं काय काम करते हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

आपली आवडती गोष्ट दुसऱ्याने हसण्यावारी नेली की टोचतं. मलाही टोचलं. पण ती हसत होती ती माझ्या शेजारी बसून, हे काय कमी आहे?

चौथ्या रात्री भुताचा भाग लागला. फ्रेडी घाबरून सरांच्या मागे लपला. काकू हसल्या, मी हसले. नातू हसला नाही. म्हणाला, “आजी, सगळ्यात घाबरट तो आपलाच का?”

मी म्हटलं, “अरे, गंमत असते ती.”

तो म्हणाला, “मला वर्गात फ्रेडी म्हणतात.”

नावावरून नाही, आडनावावरून नाही. वर्गात ख्रिस्ती मुलगा हा एकटा आणि मोबाईलवर त्या विनोदांच्या तुकड्यांचा पाऊस, म्हणून. पहिल्या रात्री तो मोबाईलमध्ये का शिरला होता ते मला तेव्हा कळलं. जे नाव काकूंच्या तोंडून ऐकताना मला गोड लागत होतं, तेच माझ्या नातवाला पाठीमागून मारलेल्या टपलीसारखं लागत होतं. काकूंचा चेहरा पडला. त्यांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षं ‘आपला माणूस आहे’ एवढ्यावरच मी खूश होते. ‘कसा आहे’ हे विचारलं नव्हतं. पोराने एका वाक्यात विचारलं. आणि त्याचं खरं होतं. अभिजीतला बुद्धी दिली, दयाला ताकद दिली, फ्रेडीला दिलं घाबरणं. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही. हसवायला कुणीतरी लागतंच. पण वर्गात एकटं असलेल्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते.

तरी सकाळी मी त्याला एक गोष्ट सांगितली. म्हटलं, तुझं म्हणणं मान्य. आता एक कर. तो किती वेळा घाबरतो ते मोज आणि घाबरून काम टाकून घरी किती वेळा जातो तेही मोज. पोराने वहीत खरोखर दोन रकाने आखले. पुढच्या नऊ भागांत पहिल्या रकान्यात रेघाच रेघा. दुसरा रकाना कोरा. दरवाजा मोडला की इतरांबरोबर फ्रेडीही आत शिरतोच. नातू म्हणाला, “म्हणजे भीती वाटूनसुद्धा जातो.” मी काहीच बोलले नाही. शिकवायची सवय आवरणं किती कठीण असतं, ते माझ्यासारख्या मास्तरणींना विचारा.

मग त्याने विचारलं, डिसेंबर २०२४ पासून मालिका परत सुरू झाली, तिच्यात फ्रेडी का नाही? सांगितलं, तो साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये वारले. नातू चमकला, “म्हणजे तो आपला नव्हताच?” म्हटलं, नव्हता आणि होताही. फडणीस आडनावाच्या एका मराठी माणसाने वीस वर्षं फ्रेडरिक्स हे नाव अंगावर वागवलं आणि घराघरात नेलं. त्या नावाचा कुणी तिरस्कार करावा असं त्याने काही केलं नाही. आज ज्या हवेत आपण राहतो, तिच्यात ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

पण मालिका लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पुन्हा कुणी फ्रेडरिक्स आणाल तेव्हा त्याला घाबरू द्या, हसवू द्या, पण एखादा खटला त्यालाही सोडवू द्या. त्याच्यामुळे गुन्हेगार पकडला गेला, असं कधीतरी होऊ द्या. आमच्या पोरांना वर्गात तेवढं पुरेल.

आणि माझ्या वयाच्या वाचकांना एवढंच: आपल्या आवडीचं जे काही असेल, मालिका असो, नाटक असो, क्रिकेट असो, ते मुलांपुढे ठेवा. पण पहिल्या धड्यापासून सुरुवात नको आणि समालोचनही नको. आणि ते पाहून मुलं जे बोलतील ते ऐकायची तयारी ठेवा. ती हसतील. कधी असं काही विचारतील की वीस वर्षांचं प्रेम पुन्हा तपासून पाहावं लागेल. माझं प्रेम कमी झालेलं नाही. पण आता मी डोळे उघडे ठेवून पाहते.

नातू परत गेला. शनिवारी रात्री फोन येतो, “आजी, चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहिलंस?” मागच्या वेळी त्याने आणखी एक सांगितलं. वर्गात परत कुणीतरी फ्रेडी म्हणालं, तेव्हा तो म्हणाला, “हो, मी फ्रेडी. पण मी पळत नाही.” पोरं हसली म्हणे, पण या वेळी तोही हसला.

भांडी सध्या काकू आणि मी आलटून पालटून घासतो. खुनी आम्हाला अजून ओळखता येत नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव