शक्तिमान परतला, पण कोणासाठी?

टीव्हीवरच्या मालिकेवर रुसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. 'नाही आवडली तर बंद करा' हा त्यावरचा ठरलेला सल्ला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जे घडले ते मात्र या सल्ल्यात बसत नाही. 'शक्तिमान' परत येणार, अशी झलक त्या महिन्यात झळकली आणि वयाची पस्तिशी गाठलेली माणसे लहान मुलांसारखी हरखून गेली. प्रत्यक्षात सहासष्ट वर्षांचे मुकेश खन्ना तोच पोशाख चढवून समोर आले, ते देशासाठी लढलेल्यांची आठवण करून देणारे एक गाणे घेऊन. नवी कथा नाही, नवे संकट नाही, नवा खलनायकही नाही. आनंदाची जागा थट्टेने घेतली आणि थट्टेच्या आड खरीखुरी हळहळ होती. ही हळहळ कशाची, हे जरा नीट पाहायला हवे.

'शक्तिमान' दूरदर्शनवर सुरू झाली १३ सप्टेंबर १९९७ रोजी. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात त्या वेळी तालुक्याच्या गावात केबल पोचली होती. वाड्यावस्त्यांवर मात्र दूरदर्शनचेच राज्य होते. बांबूला बांधलेला अँटेना, तो फिरवायला पत्र्यावर चढलेले पोर आणि खालून 'आलं, आलं… गेलं!' असा ओरडा. पुढे मालिका रविवारी दुपारी बाराला लागू लागली. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर आळीतली सगळी मुले. ऐन वेळी वीज गेली की जिवाची नुसती तगमग व्हायची. पंडित गंगाधर शास्त्री हा बावळट छायाचित्रकार गरगर फिरून शक्तिमान होतो, हे या मुलांना ठाऊक होते. मालिकेतल्या गीता विश्वासला मात्र ठाऊक नव्हते. मोठ्यांना न कळलेले गुपित आपल्याला कळले आहे, हे सुख लहान मुलाला फार मोठे वाटते. मालिकेचे अर्धे यश त्यात होते.

उरलेले अर्धे यश विश्वासाचे होते. खोटे बोलू नये, कचरा टाकू नये, दात घासावेत, असे काहीबाही शक्तिमान शेवटी सांगे आणि आईने दहादा सांगून न ऐकणारी मुले ते ऐकत. या विश्वासाला धारही होती. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या त्या काळात आल्या. त्यामागे मालिका असल्याचे खन्ना यांनी नाकारले, पण अशा साहसाचे अनुकरण करू नका, हे शक्तिमानला मुलांना बजावून सांगावे लागले. मुलांचा विश्वास ही केवढी जोखमीची ठेव आहे, हे तेव्हाच दिसून आले होते.

पुढे काय झाले? मालिका २००५ पर्यंत चालली. दूरदर्शनने प्रक्षेपणाचे शुल्क वाढवत नेल्यामुळे ती थांबवावी लागली, असे खन्ना यांनी नंतर सांगितले. दरम्यान प्रेक्षक मोठा होत होता. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, तेव्हा आईबापांनी कौतुकाने मुलांना शेजारी बसवले. पण जगभरातले चित्रपट हातातल्या फोनवर पाहणाऱ्या मुलांना त्यातली करामत भाबडी वाटली, तर नवल नाही. २०२२ मध्ये शक्तिमानवर मोठ्या चित्रपटाची घोषणा झाली. त्यानंतर चर्चा रंगली ती कथेपेक्षा ती भूमिका कोणी करायची आणि कोणी करू नये, याची.

इथेच खरे पाणी मुरते. 'शक्तिमान' विज्ञानकथा होती का? तिच्या मुळाशी पंचमहाभूते होती, कुंडलिनी होती, योगसाधना होती. कल्पनारम्य कथेत ते असायला हरकत नाही. पण त्या कथेत विज्ञान कोणाकडे होते? डॉ. जॅकाल या विक्षिप्त खलपुरुषाकडे! सद्गुणांकडे साधना आणि दुर्गुणांकडे प्रयोगशाळा, अशी ही वाटणी होती. त्याच दूरदर्शनवर १९९८ मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली. मिलिंद सोमण तीत अंतराळवीर होता. खुद्द खन्ना यांनी २००२ मध्ये 'आर्यमान' आणून अंतराळाची वाट धरली. तिला शक्तिमानची लोकप्रियता लाभली नाही. वाटा पुढे जात होत्या, पण त्यांवर कोणी टिकून चालले नाही.

मराठी माणसाने तरी याची खंत जास्त करावी. कारण आपल्याकडे विज्ञानकथेचा पाया भक्कम होता. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि ती बक्षीसपात्र ठरली. त्यांच्या कथेवरून 'धूमकेतू' हा चित्रपटही निघाला. कथेतले विज्ञान काढून घेतले तर कथा कोसळली पाहिजे, ही चांगल्या विज्ञानकथेची कसोटी. ती लावली तर आपल्या छोट्या पडद्यावरचे बहुतेक 'विज्ञान' म्हणजे पोशाख आणि आवाज एवढेच उरते. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांच्या कथांवर घराघरात पाहिली जाणारी मोठी मराठी मालिका मात्र उभी राहिली नाही.

चाहत्यांचा रोष ही काही आजची गोष्ट नव्हे. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले आणि वाचक खवळले. अखेर १९०३ मध्ये होम्सला जिवंत करावे लागले. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' बंद पडणार असे दिसताच १९६८ मध्ये प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला. मालिका वाचली, पण तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली आणि १९६९ मध्ये ती संपलीच. ब्रिटनची 'डॉक्टर हू' १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये परतली ती नव्या पिढीला समोर ठेवून. तात्पर्य, प्रेक्षकांच्या आग्रहाने मालिका जगू शकते. चांगली होईलच असे नाही. चांगली होण्यासाठी लिहिणाऱ्याने काळाबरोबर चालावे लागते.

या भागातल्या वाचकाला हे साखर कारखान्याच्या उदाहरणाने पटेल. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथल्या वार्षिक सभेत सभासद उभा राहून 'भाव कमी का?' असे विचारू शकतो. बिगरसभासद ऊस घालतो, पण सभेत त्याला उभे राहता येत नाही. टीव्हीचा प्रेक्षक हा असा बिगरसभासद आहे. आपला वेळ, आपल्या मुलांचे मन हा ऊस तो वर्षानुवर्षे घालतो. दर कोणता लागला, हे विचारायची सोय नाही. मग तो चिडतो, थट्टा करतो. त्या चिडण्याला हक्क म्हणता येणार नाही, पण त्यात तथ्य नाही असेही कोण म्हणेल?

मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. 'आम्हाला आमचाच शक्तिमान हवा' असे म्हणणारा चाहता कथेलाही अडवून ठेवतो. त्याला खरे तर हवी असते ती १९९७ ची दुपार, आणि ती कोणताही निर्माता देऊ शकत नाही. खन्नांनी बदल केला नाही म्हणून आपण रागावतो आणि दुसऱ्या कोणी बदल केला असता, तरीही रागावलो असतो. एवढे मान्य केले की मग रास्त तक्रार उरते ती एकच: मुलांसाठी म्हणून जे आणले, त्यात उपदेश होता, गोष्ट नव्हती. उपदेश मुले ऐकत होती ती गोष्टीच्या जिवावर. गोष्ट गेली की उरतो तो नुसता मास्तर.

आज याच बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकवण्याचे प्रयोग करत आहे. उपग्रहाची छायाचित्रे आणि जमिनीतली ओल पाहून कोणत्या फडाला पाणी कधी द्यायचे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. पत्र्यावर चढून अँटेना फिरवणाऱ्या मुलांची मुले ही अशी विज्ञानकथेच्या शेजारीच राहत आहेत. ओलीचा अंदाज चुकला तर? यंत्राचे ऐकायचे की आजोबांचे? विहिरीत पाणीच नसेल तर सल्ला कशाला? असे प्रश्न त्यांच्या घरात उभे आहेत आणि यातल्या एकेका प्रश्नात एकेक भाग आहे. ही मुले भोळी राहिलेली नाहीत; त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांनी मात्र त्यांना भोळेच धरले आहे.

तेव्हा पस्तिशीतल्या चाहत्यांनी रुसायला हरकत नाही, पण मागणी बदलावी. आमचा नायक परत द्या, असे म्हणण्याऐवजी आमच्या मुलांना त्यांचा नायक द्या, असे म्हणावे. त्याला उडता आले नाही तरी चालेल. त्याला प्रश्न पडायला हवेत.