गाणं एक, हिशेब दोन

गायकाला त्याचा मेहनताना मिळालाच पाहिजे. आयुष्यभर गाऊन म्हातारपणी हात पसरणारे कव्वाल आपण पाहिले आहेत, त्यामुळे रॉयल्टीलाच विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. माझी तक्रार मापाबद्दल आहे.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे एफएमवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात. गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला मात्र एफएमवाल्याने एक सेंटही द्यायचा नाही. तेच गाणं इंटरनेट रेडिओवर लागलं तर त्यांचीही रॉयल्टी, आणि तीही दर श्रोत्यामागे! शंभर जण ऐकत असतील तर एक गाणं शंभरदा मोजायचं.

मार्च २००७ मध्ये तिथल्या कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने हा दर ०.०८ सेंटवरून २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने ०.१९ सेंटवर नेण्याचा निर्णय दिला. आकडा चिल्लर वाटतो ना? मी भाषेचा शिक्षक, गणितात कच्चा, तरी मांडून पाहिलं. तासाला १५ गाणी, चोवीस तास, सरासरी शंभर श्रोते. वर्षाचे झाले जवळपास २५,००० डॉलर. शंभर श्रोते म्हणजे शाळेचे दोन वर्ग. त्यांच्यासाठी जाहिरात कोण देणार?

त्याआधी छोटी स्टेशनं उत्पन्नाच्या १० ते १२ टक्के देत होती. कमाई कमी तर रॉयल्टी कमी, हे न्यायाचं होतं. निषेध म्हणून २६ जून २००७ ला अनेक स्टेशनांनी दिवसभर गाणी बंद ठेवली. पुढे तडजोड होऊन टक्केवारी परत आली, पण २०१५ अखेर तिची मुदत संपली. जानेवारी २०१६ मध्ये लाइव्ह३६५ बंद पडलं आणि त्याच्या आधारावरची हजारो छोटी स्टेशनं गप्प झाली. वर्षभराने ते नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झालं, एवढंच समाधान.

बड्या कंपन्या हे दर सोसतात. मरतो तो, जो कुठेच न लागणारी गाणी हौसेने लावतो. त्याच्याकडून उत्पन्नाचा हिस्सा घ्या, आणि एफएमवाल्यांकडूनही गायकाचा वाटा वसूल करा.

आपल्याकडे रेडिओला कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डखाली ठरलेल्या दराने परवाना मिळतो. इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्यांना ही सोय नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स-विंक खटल्यात सांगितलं. मालेगावच्या एखाद्या पोराला गझल-कव्वालीचं स्टेशन काढायचं असेल, तर प्रत्येक कंपनीचा उंबरठा झिजवायचा आणि ती मागेल तो दर मोजायचा.