कपाटावर ठेवलेलं ते मशीन खाली काढा

झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, ज्यांच्या घरात आहे त्या सर्वांना ही कळकळीची विनंती.

माझ्या यजमानांचं घोरणं म्हणजे गाढ झोप, अशीच आमची वर्षानुवर्षं समजूत. एका रात्री घोरणं मध्येच थांबलं. छाती-पोट हलत होतं, पण नाकाशी बोट धरलं तर श्वास लागेना. मी अंक मोजू लागले. एकविसाव्या अंकाला ते मोठा आवाज करून दचकले, कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागले. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं, डोकं तेवढं जड होतं. झोपेच्या तपासणीत कळलं की असं तासाला ४२ वेळा होतंय. तासाला ५ च्या पुढे आजार धरतात, ३० च्या पुढे तो तीव्र. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, आणि रक्तदाब नि हृदय त्याची किंमत मोजतात. २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी या आजारानं गेले, तेव्हा त्याचं नाव घरोघरी पोचलं. आम्हीही तेव्हाच ते पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि विसरलोही होतो.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेला हा उपाय: मास्कमधून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवायची. आजार तीव्र असेल तर आजही पहिला उपाय हाच. यजमानांनी आठ दिवसांत मशीन कपाटावर टाकलं. मिशीपाशी मास्कमधून हवा सुटे, घसा कोरडा पडे, नाकावर लाल वळ उठे. सहा महिने ते तिथेच पडून होतं. मग डॉक्टरांनी फक्त नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क दिला, हवेला ओलावा देणारं भांडं जोडलं आणि चोंदलेल्या नाकावर औषध दिलं. बस, एवढ्यानं जमलं! हे पहिल्याच आठवड्यात का विचारलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

मास्क मुळीच सोसत नसेल तरी हातपाय गाळू नका. सौम्य ते मध्यम आजारात दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारा साचा करून देतात. काहींचा श्वास उताणं झोपल्यावरच अडतो, त्यांना कुशीवर झोपूनही फरक पडतो. वजन उतरलं की आजारही उतरतो. लठ्ठपणासोबत मध्यम किंवा तीव्र आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. लहान मुलांत बऱ्याचदा टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढल्यावर श्वास मोकळा होतो. झोपण्याआधी दारू मात्र नको, आणि मनानं झोपेची गोळी तर नकोच.

घरात कोणी असं घोरत असेल, दिवसा गाडी चालवताना पेंगत असेल, तर आज रात्री मोबाइलवर त्यांच्या झोपेचं दोन मिनिटांचं चित्रण करा आणि कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मशीन कपाटावर पडून असेल, तर मास्कसकट पिशवीत घालून याच आठवड्यात ते देणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जा.