सत्तावीस नगरपालिका आत आल्या, आता पुढे काय?

ग्रेटर हैदराबाद महानगरपालिकेची, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या जीएचएमसीची हद्द डिसेंबर २०२५ मध्ये एकदम तिपटीहून अधिक झाली. २५ नोव्हेंबरला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, पाठोपाठ अध्यादेश निघाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आउटर रिंग रोडच्या आतल्या व लगतच्या २० नगरपालिका आणि ७ महानगरपालिका जीएचएमसीत विलीन झाल्या. सुमारे ६५० चौरस किलोमीटरचे शहर २,००० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. वॉर्ड १५० चे ३०० झाले, सर्कल ३० चे ६० आणि झोन ६ चे १२.

आपल्या सभासदांना हा विषय जवळचा आहे. जुन्या पिढीची घरे काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा, नारायणगुडा या भागांत. मुलांनी फ्लॅट घेतले ते निजामपेट, मणिकोंडा, नारसिंगी, बंडलागुडा जागीर, कोंपल्ली, तेल्लापूर, अमीनपूर इकडे. आई-वडील जीएचएमसीत आणि मुलगा-सून दुसऱ्याच नगरपालिकेत, अशी कित्येक कुटुंबे आपल्यात आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये ती सगळी एका महापालिकेत आली. सिकंदराबाद छावणीचा कारभार मात्र वेगळा आहे. तिथल्या सभासदांना या बदलाचा थेट संबंध नाही.

बँकेत नोकरी केलेल्यांना विलीनीकरण नवीन नाही. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, ते या शहरातल्या प्रत्येक घराला आठवत असेल. अशा वेळी काउंटरवर येणारा ग्राहक तीनच गोष्टी विचारतो. माझा खाते क्रमांक बदलणार का? माझी शाखा कुठे जाणार? आणि काही अडले तर बोलायचे कोणाशी? महापालिकेच्या बाबतीतही प्रश्न हेच आहेत. पहिल्या दोघांची उत्तरे प्रशासन आज ना उद्या देईलच. तिसऱ्या प्रश्नाची मला काळजी वाटते, म्हणून हा लेख.

घाई कशासाठी?

एवढा मोठा निर्णय काही आठवड्यांत का झाला, याचे एक कारण जनगणनेत आहे. जनगणना २०२७ साठी सगळ्या प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पक्क्या करायच्या, त्यानंतर जनगणना होईपर्यंत त्यांत बदल करायचा नाही, असे केंद्राचे निर्देश होते. घरांची यादी करण्याचे काम एप्रिल २०२६ पासून आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, असे वेळापत्रक ठरले होते. म्हणजे डिसेंबर हातचा गेला असता, तर विलीनीकरण वर्षाहून अधिक लांबले असते. कारण समजण्यासारखे आहे. पण घाईत आखलेल्या वॉर्डांच्या सीमा आपल्याला पुढची कित्येक वर्षे पुरणार आहेत, हेही तितकेच खरे.

हे पहिलेच विलीनीकरण नाही

१९६० मध्ये हैदराबाद आणि सिकंदराबाद या दोन महापालिका एक झाल्या. एप्रिल २००७ मध्ये त्या महापालिकेत १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती मिळवून जीएचएमसी तयार झाली. कुकटपल्ली, मलकाजगिरी, एल. बी. नगर, शेरीलिंगमपल्ली, उप्पल, अलवाल ही तोवर शहराबाहेरची गावे समजली जात. आज कुकटपल्लीला कोणी बाहेरची म्हणत नाही. तेव्हा विलीनीकरण वाईटच असते, असे म्हणण्यात अर्थ नाही.

पण त्या वेळचा दुसरा भाग आपण विसरलो आहोत. एप्रिल २००७ मध्ये जीएचएमसी झाली आणि तिची पहिली निवडणूक नोव्हेंबर २००९ मध्ये. मधली अडीच वर्षे सगळा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली, तर निवडणूक झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. बेरीज केली तर जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवक नव्हते.

आता तीच वेळ पुन्हा येऊन ठेपली आहे. मागचे सभागृह १ डिसेंबर २०२० च्या निवडणुकीतून आले. त्याची मुदत १० फेब्रुवारी २०२६ ला संपली. नव्याने आत आलेल्या भागांची स्थिती तर त्याआधीच तशी होती. निजामपेट, मणिकोंडा यांच्यासारख्या ठिकाणी जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्यांची मुदत जानेवारी २०२५ च्या अखेरीस संपली आणि तेव्हापासून तिथे विशेष अधिकारी कारभार पाहत होते. म्हणजे तिथल्या माणसाने विलीनीकरणावर आपले मत द्यायचे, तर निवडून दिलेला माणूसच जागेवर नव्हता.

राज्यघटनेचे कलम २४३ यू सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आणि पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी व्हावी. प्रत्यक्षात काय होते, ते आपल्या नातेवाइकांना विचारा. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ ला, जवळजवळ चार वर्षांनी. बंगळुरूला सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. निवडणूक तर झाली नाहीच, उलट सप्टेंबर २०२५ मध्ये त्या महापालिकेच्या पाच महापालिका झाल्या. आपल्याकडेही एवढ्या मोठ्या जीएचएमसीचे पुढे भाग करायचे, अशी चर्चा विलीनीकरणाच्या वेळी सुरूच होती. दर वेळी सीमांचे कारण पुढे येते आणि निवडणूक मागे जाते.

काही सभासद म्हणतील, नगरसेवक असून तरी काय उपयोग? अधिकारी निदान फाइल तरी हलवतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण अधिकाऱ्याची बदली होते, आणि नवा माणूस आला की आपली तक्रार पुन्हा पहिल्या पानापासून. शिवाय अंदाजपत्रकावर उघड सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त सभागृहाला आहे. २०२५-२६ चे जीएचएमसीचे अंदाजपत्रक ८,४४० कोटी रुपयांचे होते. एवढ्या रकमेवर प्रश्न विचारणारे कोणीच नसावे, हे कुठल्याही हिशोबात बसत नाही.

घरपट्टीचे काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. विलीन झालेल्या सत्तावीस संस्था तेलंगणा नगरपालिका कायदा २०१९ खाली होत्या, तर जीएचएमसीला स्वतःचा १९५५ चा कायदा आहे. हद्द बदलली म्हणून लगेच घरपट्टी वाढली, असे होत नाही. आकारणी बदलायची झाली तर नोटीस यावी लागते आणि तिच्यावर हरकत घेता येते. म्हणून घरी आलेला कागद न वाचता फाइलला लावू नका. हरकतीची मुदत त्यातच लिहिलेली असते.

जीएचएमसीत चालू वर्षाची घरपट्टी ३० एप्रिलच्या आत भरली की ५ टक्के सूट मिळते. थकली तर महिन्याला २ टक्के व्याज. म्हणजे वर्षाला २४ टक्के. गृहकर्जाचा दर याच्या निम्म्याहूनही कमी असतो. १२,००० रुपये घरपट्टी असलेल्याला एप्रिलमध्ये भरून ६०० रुपये वाचतात, आणि वर्षभर थकवून २,८८० रुपये जादा पडतात. नव्या भागातल्या सभासदांनी हा हिशोब लक्षात ठेवावा.

थकबाकीदारांसाठी महापालिका अधूनमधून एकरकमी तडजोडीची योजना काढते. मार्च २०२५ मध्ये साचलेल्या व्याजावर ९० टक्के माफी होती. वसुली वाढते हे खरे, आणि २०२४-२५ मध्ये घरपट्टीची वसुली पहिल्यांदाच २,००० कोटींच्या पुढे गेली. पण कर्जमाफीचा अनुभव असलेला कोणताही बँकवाला सांगेल की अशी योजना वारंवार आली, की वेळेवर भरणाऱ्याला आपणच वेडे ठरलो असे वाटू लागते.

आणखी एक बाब कमी बोलली जाते. विलीनीकरणात शिल्लक येते तसे देणेही येते. जीएचएमसीने २०१८ पासून उड्डाणपूल आणि रस्त्यांसाठी रोखे विकून पैसा उभा केला. पहिले २०० कोटी ८.९० टक्के दराने, त्यानंतरचे १९५ कोटी ९.३८ टक्के दराने. ते उड्डाणपूल जुन्या हद्दीतले. आता त्या देण्याचा भार उचलणाऱ्या तिजोरीत कोंपल्ली आणि तेल्लापूरची घरपट्टीही जाईल. यात गैर काही नाही, शहर एकच आहे. पण मग तिथल्या माणसाने ‘माझ्या वॉर्डातून किती गोळा झाले आणि माझ्या वॉर्डावर किती खर्च झाले’ हे विचारले, तर त्याचे उत्तर छापील मिळाले पाहिजे. प्रत्येक वॉर्डाचा जमाखर्च दरवर्षी जाहीर करणे आजच्या संगणकाच्या काळात अवघड नाही.

पाणी आणि कचरा

पाण्याचा कारभार महापालिकेकडे नसून वॉटर बोर्डाकडे आहे आणि त्याचे काम आउटर रिंग रोडपर्यंत आधीपासूनच चालते. त्यामुळे विलीनीकरणाने नळाचे कनेक्शन किंवा कॅन नंबर बदलण्याचे कारण नाही. मात्र जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेली महिन्याला २०,००० लिटर मोफत पाण्याची योजना जीएचएमसी हद्दीतल्या घरांसाठी होती. त्यासाठी चालू मीटर आणि आधार जोडणी लागते. हद्द वाढली तर हा लाभही तिथवर जायला हवा, ही मागणी निजामपेट-मणिकोंड्याच्या सोसायट्यांनी लेखी करावी. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्यांना या मागणीचे मोल वेगळे सांगायला नको.

कचऱ्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे जवाहरनगरला जातो. तिथे त्याचे डोंगर झाले, नंतर ते झाकले गेले, २०२० मध्ये कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्पही आला. पण आपण कचरा टाकत होतो ते दुसऱ्याच्या हद्दीत. दुर्गंधी आणि खराब पाणी सोसणाऱ्या जवाहरनगरच्या माणसाला जीएचएमसीत मत नव्हते. सत्तावीस नावांत आता जवाहरनगरही आहे. तिथून निवडून आलेला नगरसेवक त्याच सभागृहात बसेल, तेव्हा ओला-सुका कचरा वेगळा न करणाऱ्या आपल्या सोसायट्यांनाही उत्तर द्यावे लागेल. मला विचाराल तर या विलीनीकरणाचा हा सर्वांत चांगला परिणाम ठरू शकतो.

पुण्याचा दाखला इथे उपयोगी आहे. कचरा डेपो असलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली. कर शहराचा आणि सोयी गावाच्या, या तक्रारीवरून शेवटी ती दोन्ही महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. आपल्याकडे तसे होऊ नये.

सभासदांनी काय करावे?

१. जुन्या नगरपालिकेचा घरपट्टीचा क्रमांक आणि गेल्या तीन वर्षांच्या पावत्या जपून ठेवा. जीएचएमसीत प्रत्येक घराला दहा आकडी पीटीआयएन असतो. नवा क्रमांक मिळाला की त्यावरचे नाव, क्षेत्रफळ आणि मागील बाकी पावत्यांशी ताडून पाहा. वडिलांच्या नावावरचे घर असेल तर नावबदलाचे काम आताच उरका.

२. जन्म-मृत्यूच्या दाखल्यात दुरुस्ती राहिली असेल तर अर्ज करा. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे.

३. घरून पोळी-भाजी, दिवाळीचा फराळ किंवा मसाले विकणाऱ्या आपल्या भगिनी आणि छोटे दुकानदार यांनी ट्रेड लायसन्स कोणत्या कार्यालयाकडे गेले ते विचारून घ्यावे. त्याची फी जागेचे क्षेत्रफळ आणि समोरच्या रस्त्याची रुंदी पाहून ठरते. खाद्यपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी वेगळी असते, तिला धक्का लागत नाही.

४. २०२३ मध्ये जुन्या १५० वॉर्डांत वॉर्ड कार्यालये सुरू झाली होती. आपला नवा वॉर्ड कोणता आणि त्याचे कार्यालय कुठे, हे शोधून सोसायटीच्या फलकावर लावा. तक्रार फोनवर केली तरी क्रमांक लिहून ठेवा. सोमवारच्या प्रजावाणीत तो क्रमांक दाखवता येतो.

५. मतदार यादीत आपले नाव नव्या वॉर्डात आहे का, ते पाहा.

पाचवा मुद्दा शेवटी लिहिला असला तरी माझ्या मते तोच पहिला. २०२० च्या निवडणुकीत शहरात ४६.५५ टक्के मतदान झाले, २०१६ मध्ये ४५.२९ टक्के. निम्म्याहून अधिक मतदार घरीच बसले. आपल्यापैकी कितीजण त्यात होते, ते ज्याने त्याने आठवावे. निवडणूक वेळेवर घ्या, असे शासनाला सांगण्याचा हक्क आपल्याला आहेच. तो सांगताना आपण मतदानाला जातो, एवढे तरी खरे असले पाहिजे.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. सभासदांची यादी आपल्याकडे पत्त्यांसह आहे. ती नव्या वॉर्डांप्रमाणे लावून प्रत्येक वॉर्डासाठी एकेक सभासद नेमावा. वॉर्ड कार्यालयाचा पत्ता, घरपट्टीच्या तारखा, गणपती विसर्जनाच्या कृत्रिम तलावासाठी द्यायचा अर्ज, अशी कामे त्याच्याकडून व्हावीत. सभागृह नसण्याच्या काळात एकट्याच्या अर्जापेक्षा पन्नास सह्यांच्या अर्जाकडे अधिकारी लवकर पाहतो. पुढच्या बैठकीतच हा विषय घ्यावा.